तांब्याची कांडी

मित्रांनो, मी एक जुनी गिटार आहे, विजेवर वाजणारी. पण लगेच हुरळून जाऊ नका. मी नवी होते तेव्हा माझा आवाज ऐकून कोणीही कानात बोटं घातली असती. कलकत्त्याच्या एका लहानशा कारखान्यात कोणीतरी घाईघाईनं माझ्यावर लाल रंग फासला, तारा चढवल्या आणि खोक्यात घालून मला नागपूरला धाडून दिलं. सीताबर्डीच्या एका दुकानात मी काचेआड लटकत होते. लोक थांबायचे, कौतुकानं बघायचे आणि बाजाची पेटी घेऊन निघून जायचे. मला असा राग यायचा म्हणून सांगू!

मला घरी नेलं ते जागेश्वरनं. नागपूरच्याच महाल भागातल्या एका बोळात त्याचं घर. घरात हातमाग. दिवसा तो आपले वडील शालिकराम यांच्याबरोबर मागावर लुगडी विणायचा आणि संध्याकाळी मधुकररावांच्या ऑर्केस्ट्रात वाजवायचा. सत्तरचं दशक नुकतंच सुरू झालं होतं. ऑर्केस्ट्रा म्हणजे तेव्हा केवढं अप्रूप! गणपती असो की शारदोत्सव, लोक सतरंज्या घेऊन दुपारपासून जागा धरायचे.

पण जागेश्वर मला वाजवण्याआधी उघडूनच बसला. माझी मान नागपूरच्या उन्हानं वाकली होती. ते त्याला दिसलंही नव्हतं. शालिकरामांनी मागावरच्या ताण्याकडे बघतात तसा एक डोळा मिटला आणि म्हणाले, "मधात पोट आलं गा हिले." मग सायकलच्या दुकानातून पाना आणून जागेश्वरनं मानेतली सळई हळूहळू कसली. तार अर्ध्यावर दाबली की बेसूर व्हायची, म्हणून शिंगाच्या कंगव्याचा तुकडा घासून तारेखाली सरकवला. थोडा पुढे, थोडा मागे, पुन्हा पुढे. मी सारखी गुणगुणत असे, एखाद्या चिडलेल्या माशीसारखी. त्यानं चहाच्या पेटीतला चंदेरी कागद माझ्या पोटात आतून चिकटवला, एक वायर जोडली आणि ती गुणगुण थांबली. बापरे! मी इतकी शांत राहू शकते हे मलाच माहीत नव्हतं.

आता माझ्या पोटातली खरी नवलाई सांगते. तारांच्या खाली चुंबक आहे आणि त्याच्याभोवती केसाहून बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. वरची तार थरथरली की त्या वेढ्यांत इवलीशी वीज उठते. तीच वीज भोंग्यापर्यंत पोचते आणि आवाज होऊन बाहेर पडते. इतकी वर्षं झाली, पण मला अजूनही हे खरं वाटत नाही.

जागेश्वरला तो आवाजही आणखी भरदार हवा होता. म्हणून एका दुपारी त्यानं ती तारेची गुंडाळी बाहेर काढली, आणि त्याच्या हातातला स्क्रू पिळायचा पेचकस निसटला. तांब्याच्या वेढ्यांत खोल चीर पडली. त्यानं मला जोडून बघितलं. भोंग्यातून काही म्हणजे काही आलं नाही. मी मुकी झाले.

शारदोत्सव तोंडावर आला होता. तसली गुंडाळी नागपुरात मिळेना आणि मुंबईहून मागवायला वेळ नव्हता. मधुकरराव घरी आले. भला माणूस, पण त्यांचाही जीव टांगणीला लागला होता.

"तुह्या हाताले तोड नाही गा, जागेश्वर," ते म्हणाले. "पण शारदेच्या दिवशी हे वाजलं नाही, तं मले दुसरा माणूस उभा करावा लागन. अन् एकदा उभा केला का मंग त्याले काढता येत नाही."

तिकडे नागपूरजवळ कोराडीला विजेचं मोठं केंद्र उभं होत होतं आणि जागेश्वरच्या मेव्हण्यानं तिथं कामाचं जमवून ठेवलं होतं. ऑर्केस्ट्रातली जागा गेली की तो कोराडीला जाणार, वाजवणं संपणार आणि मी पुन्हा त्या काचेआड लटकणार, हे घरात सगळ्यांना कळत होतं. तो डोकं धरून ओट्यावर बसला.

तेव्हा त्याची बायको पुष्पलता सूत भरायच्या रहाटावरून उठली. सूत छोट्या कांडीवर भरून द्यायचं, म्हणजे ती कांडी मागावर आडव्या धावणाऱ्या धोट्यात बसते आणि लुगडं विणता येतं, हे तिचं रोजचं काम. ती माझी फाटलेली गुंडाळी हातात घेऊन उन्हाकडे धरून बघत राहिली.

"तारच भरायची हाय ना हिच्यावर?" ती म्हणाली. "मंग दिवसभर मी दुसरं काय करतो?"

जागेश्वरनं चपला पायात अडकवल्या. मग तो धावतच निघाला. एका रेडिओवाल्याकडच्या मोडीतून त्यानं बारीक तार मिळवून आणली. पुष्पलतानं माझी रिकामी चौकट मेणानं रहाटाच्या चातीवर, म्हणजे फिरणाऱ्या दांडीवर, बसवली. उजव्या हातानं चाक, डाव्या हाताच्या दोन बोटांत तार. तार डोळ्यांना दिसतही नव्हती. ती ऊन असेपर्यंत बसायची आणि बोटांनीच बघायची. जोरात ओढली तर तुटेल, ढिली सोडली तर वेढे सैल. मी ओसरीवर पडल्या पडल्या बघत होते आणि मला धाप लागत होती. माणसाच्या बोटांत इतकं काही असतं!

गुंडाळी भरली. जागेश्वरनं ती माझ्यात बसवली, वायरी जोडल्या, तार छेडली.

काही नाही.

रेडिओवाल्यानं मीटर लावून बघितलं. काटा जागचा हलला नाही. "मधात कुठं तरी तुटली हाय," तो म्हणाला. जागेश्वर घरी आला, मला कोपऱ्यात टेकवलं आणि मेव्हण्याकडे निरोप धाडायचं बोलू लागला. पुष्पलता चुलीपुढे बसून होती. तिच्या डोळ्यांतलं पाणी काही धुरानं आलेलं नव्हतं.

शालिकराम मागावरून उठले. "सूनबाई, भरतानी तार तुटली होती काय वं?"

"तुटली होती ना जी, दोनदा. सांधून घेतली."

"कशी?"

"सांधतो तशीच. पीळ देल्ला अन् खळ लावली."

जागेश्वर ताडकन उठला. "अवं, त्या तारेवर लाखेसारखा लेप असते! तो खरवडल्याशिवाय वीज इकडून तिकडे जात नाही. मले सांगितलं काहून नाही?"

"तुटलेलं सूत सांधलं, हे कोनी सांगत असते काय?" ती रडवेली होऊन म्हणाली.

शालिकरामांनी गुंडाळी हातात घेतली. "नाही सांगत," ते म्हणाले. "तुह्या मायनंही मले जन्मात कधी सांगितलं नाही, जागेश्वर. ओरडू नको."

कार्यक्रम दुसऱ्या दिवशी होता. सकाळी ऊन ओसरीत आल्याबरोबर तिघंही बसले. जागेश्वर चाक उलटं फिरवत होता आणि पुष्पलता सुटणारी तार चिमटीतून सोडत होती. मध्येच तिनं हात वर केला. "हे पाहा, इथं." त्या अदृश्य तारेवरचा तिळाएवढाही नसलेला सांधा तिच्या बोटाला लागला होता! शालिकरामांनी पात्यानं लेप खरवडला, जागेश्वरनं वितळलेल्या कथलाचा ठिपका लावून तो पक्का केला. मग दुसरा सांधा. मग सगळी तार पुन्हा रहाटावर, पुन्हा तीच दोन बोटं. उन्हं कलताना गुंडाळी माझ्यात बसली.

जागेश्वरनं तार छेडली आणि मी बोलले! काय सांगू मित्रांनो, तो माझा जुना पत्र्यासारखा आवाज नव्हताच. जाडसर, ऊबदार, दाणेदार. मी स्वतःच दचकले. शालिकराम म्हणाले, "अरे बाप्पा!" आणि हसायला लागले.

त्या संध्याकाळी मैदानावर जागेश्वर असा वाजवत होता की लोक उठून उभे राहिले. जागा त्याचीच राहिली. कार्यक्रम संपला, लोक सतरंज्या झटकत निघाले, तेव्हा मधुकरराव माझ्यापाशी आले.

"कोनाकडून भरून आनलं गा हे?"

"हिनं भरलं," जागेश्वर म्हणाला.

पुष्पलता शालिकरामांच्या मागे उभी होती. पदर नीट करून ती म्हणाली, "एकदा मी वाजवून पाहू काय?"

कोणी हसलं नाही. जागेश्वरनं माझा पट्टा तिच्या खांद्यावर घातला. भोंगे अजून चालू होते. तिनं अंगठ्यानं एकच तार छेडली, सर्वांत जाड.

तो सूर मैदानभर गेला. खुर्च्या उचलणारी माणसं थांबली, फाटकाशी पोचलेली वळली. पुष्पलता जागची हलली नाही. सूर विरेपर्यंत ती ऐकत राहिली आणि मग अगदी हळू आवाजात तिनं विचारलं, "हे माह्या हातचं हाय?"

"तुह्याच हातचं," शालिकराम म्हणाले.

मित्रांनो, पुढे मला खूप टाळ्या मिळाल्या, आणि आता कितीतरी दिवस खोळीतच पडून आहे. त्याचं काही नाही. माझं मागणं एवढंच. तुमच्या घरातलं एखादं वाद्य मुकं झालं तर ते लगेच फेकू नका. जपून उघडा, मन लावून दुरुस्त करा. आणि ते बोलू लागलं, की ज्याच्या हातानं बोलू लागलं त्यालाही एकदा वाजवू द्या.