मीठ शेवटी घालायचं

"ह्या काय मिरच्या आहेत? नुसत्या पाण्याच्या पिशव्या! दाबली की पुच्च," गोणीत डोकं घालून राडोयका पुटपुटत होती. "आणि हा माणूस म्हणतो, छान आहेत. ह्याला काय, रबरी चप्पल लाल रंगवून दिली तरी छानच म्हणेल."

'हा माणूस', म्हणजे तिचा नवरा तोझा, तिच्यापासून दोन हातांवर, द्राक्षाच्या मांडवाखाली चूल पेटवत बसला होता. बेचाळीस वर्षांच्या संसारात त्याला एक गोष्ट नीट कळली होती. राडोयका त्याच्याबद्दल दुसऱ्या कोणाशी तरी बोलावं तसं बोलायला लागली की तिचा दिवस छान सुरू झाला असं समजावं.

मिरच्या खरोखरच उत्तम होत्या. लांबट, जाड सालीच्या, रक्तासारख्या लाल, तिखटपणाचा लवलेश नसलेल्या. शनिवारच्या बाजारात पहाटे जाऊन, एकेक मिरची वाकवून बघून त्यानं त्या निवडल्या होत्या. राडोयकालाही ते ठाऊक होतं. पण शिव्या खाल्ल्याशिवाय आयवार नीट जमत नाही, अशी त्या गल्लीतली जुनी समजूत. सर्बियाच्या त्या दक्षिणेकडच्या गावात सप्टेंबर लागला की घराघरातून मिरच्या भाजल्या जातात, सोलल्या जातात, वाटल्या जातात आणि तेलात तासन् तास घोटून त्यांचा आयवार होतो. तो बरण्यांत भरला की मग बर्फ पडो नाहीतर सरकार पडो, माणूस निर्धास्त.

तोझाला हा महिना फार आवडायचा. एकतीस वर्षं त्यानं नगरपालिकेच्या पाणीखात्यात मीटर वाचण्याचं काम केलं. जुलैत तो उन्हाला शिव्या घालत फिरायचा आणि सप्टेंबरात त्याच उन्हामागे अंगणभर खुर्ची सरकवत बसायचा. समोरच्या धुराड्यावरचे करकोचे निघून गेले होते. सकाळी लोकरीची बंडी, दुपारी नुसता सदरा, संध्याकाळी पुन्हा बंडी. द्राक्षांवर गांधीलमाश्या, कपाटातून बाहेर आलेल्या घोंगड्या, आणि गावभर भाजक्या मिरच्यांचा वास. ह्याहून जास्त सुख देवानं तयार केलं असेल, तर ते त्यानं श्रीमंतांसाठी राखून ठेवलं असावं.

फक्त ह्या सुखात तीन वर्षांपासून मिठाचा खडा पडला होता.

तीन वर्षांपूर्वीच्या थंडीत राडोयकाला मोठा ताप आला. ताप गेला, पण जाताना तिचं नाक घेऊन गेला. म्हणजे नाक जागेवर होतं, चांगलं ठसठशीत होतं; त्यातून वास तेवढा येईनासा झाला. तिनं हे कोणाला सांगितलं नाही आणि तिला कोणी विचारलं नाही. पण घरात काय लपतं? खोलीला सुवास यावा म्हणून तिनं कपाटावर ठेवलेली पिवळी फळं कुजून काळी पडली, तरी तिला पत्ता नाही. तोझानं ती गुपचूप शेजारच्या कोंबड्यांना घातली. दूध करपलं, तरी ती शेजारी बसून विणतच होती. आणि आयवार? पहिल्या वर्षी बुडाला लागला आणि खारट झाला. दुसऱ्या वर्षी नुसताच खारट झाला, पण असा की तो पावाला लावण्यापेक्षा बर्फाळ रस्त्यावर टाकला असता तर जास्त उपयोग झाला असता.

तोझानं तो रोज सकाळी खाल्ला. एका घासाला एक पेला पाणी, ह्या हिशेबानं. रक्तदाब वाढला तेव्हा डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "तोझाकाका, खारट काय खाता?" तर हा म्हणाला, "काही नाही हो. मीठ आमच्या घरात येतच नाही."

आणि मग गेल्या आठवड्यात शेजारच्या झागोर्काचा तळघरातला नळ गळायला लागला. मीटर वाचण्यापायी गावातली सगळी तळघरं तोझाला तोंडपाठ होती. झागोर्काच्या तळघरात कोबीच्या पिंपामागे पूर्वी काही नव्हतं, हे त्याला पक्कं आठवत होतं. आता तिथं बारा बरण्या होत्या. झाकणांवर राडोयकाच्या अक्षरात दोन वर्षांच्या तारखा. एकही उघडलेली नाही.

"अगं झागोर्का..."

"काही बोलू नकोस," झागोर्का म्हणाली. "फेकून देववत नाहीत. आणि खायची माझी हिंमत नाही. मला अजून जगायचंय."

काल कुंपणापाशी तिघांची बैठक भरली. झागोर्का, सून बिल्याना आणि तोझा. ह्या वर्षी मीठ राडोयकाच्या हाती जाऊ द्यायचं नाही, ह्यावर एकमत व्हायला एक मिनिटही लागलं नाही. पण आयवारात मीठ सगळ्यात शेवटी पडतं. तेव्हा त्याआधी तिला कोणीतरी सरळ सांगायला हवं. मांजराच्या गळ्यात घंटा बांधायची वेळ आली तेव्हा दोघी बायका तोझाकडे बघायला लागल्या.

"तू नवरा आहेस," झागोर्का म्हणाली.

"तू तिची शाळेपासूनची मैत्रीण आहेस."

"म्हणून तर! मला ती कुंपणावरून फेकून देईल. तुला निदान रात्री घरात घ्यावंच लागेल."

"बाबा, तुम्हीच सांगा," बिल्याना म्हणाली. "मी सांगितलं तर त्याचा सुनेनं सांगितलं असा अर्थ होईल."

"बघतो," तोझा म्हणाला. पाणीखात्यात एकतीस वर्षं 'बघतो' ह्या शब्दाचा एकच अर्थ होता, आणि तो काही 'हो' नव्हता.

चूल पेटली. चुलीवरचा लोखंडी पत्रा तापायला लागला. राडोयकानं पदर खोचावा तसं ॲप्रन खोचलं, कमरेवर हात ठेवले, डोळे मिटले आणि लांब श्वास घेतला.

"आहा! काय वास सुटलाय!"

तोझाच्या हातात चिमटा होता. पत्र्यावर अजून एकही मिरची पडली नव्हती.

"हो," तो म्हणाला. "फारच छान." आणि त्यानं घाईघाईनं पहिल्या मिरच्या पत्र्यावर टाकल्या.

मग दुपारपर्यंत सगळं दरवर्षीसारखं झालं. साली काळ्या पडून फुगल्या, झाकून ठेवल्यावर मिरच्या घामेजल्या, झागोर्का स्वतःचा सुरा घेऊन आली कारण दुसऱ्याच्या सुरीनं तिला सोलता येत नाही, आणि तिघी बायका बोटं भाजत, 'हाय हाय' करत सोलायला बसल्या. जेवणाला भाजक्या मिरच्याच होत्या, वर लसूण, तेल, पांढरं चीज आणि ताजा पाव. तोझानं छोट्या पेल्यातून राकिया, म्हणजे फळांची कडक दारू, घेतली. धीर यावा म्हणून दुसराही घेतला.

"राडोयका."

"काय?"

"तुला एक सांगायचं होतं."

झागोर्काचा घास हातातच थांबला. बिल्याना पाव कापता कापता थांबली.

"मग सांग की. निवडणुकीला उभा राहिल्यासारखा काय बसलायस?"

"तुझ्या नाकाला..." तोझा म्हणाला. समोर ती, कपाळावर घाम, गालावर सालपट चिकटलेलं, सप्टेंबरच्या उन्हात बसलेली. "तुझ्या नाकाला काजळी लागलीय."

तिनं ॲप्रननं नाक पुसलं. झागोर्कानं टेबलाखालून तोझाच्या नडगीवर लाथ मारली.

वाटलेल्या मिरच्या मोठ्या पातेल्यात चढल्या. आता खरं काम. आयवार सतत घोटावा लागतो. हात थांबला की बुडाला लागतो. लाकडी उलथण्यानं मध्यातून रेघ ओढावी आणि ती रेघ मिटू नये, पातेल्याचं बूड दिसत राहावं, तेव्हा झाला म्हणायचं. ह्या बाबतीत राडोयकाचा हात कोणी धरला नसता. नुसत्या आवाजावरून ती सांगायची. "आता 'पळक पळक' करतोय, अजून पाणी आहे. 'फस्स' म्हणायला लागला की मला सांगा."

आणि त्या गल्लीत एक नियम होता. दुसरीच्या पातेल्यात कोणी हात घालायचा नाही. घोटायला मदत करावी, लाकडं घालावीत, पण मीठ, तेल, व्हिनेगर ज्याच्या त्याच्या हातानं. एका सासूनं आणि सुनेनं ह्यावरून एकोणीस वर्षं अबोला धरल्याचं उदाहरण तीन घरं सोडून हयात होतं.

तोझाला ते आठवलं, तरी त्यानं मन घट्ट केलं. सांगता येत नसेल, तर निदान आपणच बेतानं मीठ घालून टाकावं, आणि मग म्हणावं, घातलं गं मी, तुझा त्रास वाचवला. त्रास वाचवला म्हणून कोणी नवऱ्याला मारत नाही. निदान फार मारत नाही.

"राडोयका, बरण्या गुंडाळायला घोंगड्या काढल्यास का?"

नवल म्हणजे ती कुरकुर न करता उठली आणि आत गेली. पातेलं सोडून, आपणहून! तोझानं खिशातली पुडी काढली. प्रमाण त्यानं पाणीखात्यातल्या माजी सहकाऱ्याच्या बायकोला विचारून ठेवलं होतं. मीठ घातलं, घोटलं, पुडी चुलीत टाकली आणि साळसूदपणे लाकडं आणायला मागच्या अंगणात गेला.

परत आला तर पातेल्यापाशी झागोर्का एकटीच होती.

"राडोयका कुठंय?"

"माझ्या कोंबड्या बघायला पाठवलीय. कुत्रं भुंकत होतं," झागोर्का म्हणाली आणि जरा जास्तच जोरात घोटायला लागली.

थोड्या वेळानं बिल्यानानं स्वयंपाकघराच्या दारातून हाक मारली, "आई, भट्टीत तापवायला ठेवलेल्या बरण्या तडकतायत का बघा ना! मी घोटते तोवर." राडोयका पुन्हा निमूट गेली. तोझाला वाटलं, आज हिचे पाय एका जागी ठरत नाहीत; पण देव आपल्या बाजूचा आहे, फार खोलात शिरू नये.

ऊन मांडवाखालून आडवं यायला लागलं तेव्हा उलथण्याची रेघ मिटेनाशी झाली. राडोयका पावाचे तीन तुकडे घेऊन बाहेर आली. तिनं एकेकावर गरम आयवार लावला आणि तिघांच्या हातात दिला.

"चाखा."

तिघांनी तोंडात घातलं.

तोझाच्या डोळ्यांतून पाणी आलं. झागोर्काचे ओठ असे आत गेले की तिची कवळीच गिळली गेली असं वाटावं. बिल्याना चावायची थांबली ती थांबलीच. तरी सवय ती सवय.

"वा!" तोझा म्हणाला.

"सुरेख," झागोर्का म्हणाली आणि पाण्याच्या तांब्याकडे सरकली.

"छान झालाय, आई," बिल्याना म्हणाली.

राडोयका तिघांकडे आळीपाळीनं बघत होती.

"मीठ मी अजून घातलेलंच नाही," ती म्हणाली. "किती घालू, ते तुम्हाला विचारायचं ठरवलं होतं ह्या वर्षी. मग तोंडं अशी का झाली?"

'फस्स', पातेलं म्हणालं.

"मी थोडं घातलं, आई," बिल्याना म्हणाली. "प्रमाणात."

"तू पण?" झागोर्का ओरडली. "अगं, मी घातलं होतं की!"

"मी तर तुमच्याही आधी," तोझा म्हणाला.

राडोयकानं उलथणं खाली ठेवलं. "माझ्या पातेल्यात. तिघांनी. माझ्याच अंगणात." ती ओरडली असती तर बरं झालं असतं. "का?"

झागोर्का द्राक्षाचे घड मोजायला लागली. बिल्यानानं हातातल्या पावाकडे पाहिलं. तोझानं इकडेतिकडे पाहिलं, पण आता त्याच्यामागे उभं राहायला कोणीच उरलं नव्हतं.

"कारण मागच्या वर्षीचा खारट झाला होता," तो म्हणाला. "त्याच्या आदल्या वर्षीचाही."

"किती खारट?"

"गाईंना चाटायला ठेवला असता तर त्यांनी दुवा दिला असता."

"आणि तू तो रोज खाल्लास?"

"पाणी पीत पीत."

झागोर्काच्या तोंडून हसू फुटलं आणि तिनं ते हातानं दाबलं. राडोयकाचेही खांदे हलले. "गाढवा," ती म्हणाली, "मला वाटलं, ह्याला तसंही काही कळत नाही. म्हणून तर निश्चिंत होते मी. तुला कळत होतं, तर बोलला का नाहीस?"

"तू विचारायचीस, छान झालाय ना? मग काय बोलणार?"

राडोयका स्टुलावर बसली. तोझाच्या हातातला उरलेला तुकडा तिनं घेतला, तोंडात घातला आणि सावकाश चावला. तिघंही तिच्या चेहऱ्याकडे बघत राहिले. त्या चेहऱ्यावर काहीही उमटलं नाही. तिनं घास गिळला आणि ॲप्रनला हात पुसले.

"ओला पाव," ती म्हणाली. "एवढंच कळलं. मला वास येत नाही, तोझा. चवही लागत नाही. तीन सप्टेंबर झाले, ह्या चुलीपाशी उभी राहते आणि 'आहा' म्हणते. माझ्यापर्यंत येतो तो नुसता धूर. तो डोळ्यांत जातो, म्हणून कळतो."