सहा नंबरवर माणूस आहे

यार्डात त्याला नावाने कुणी हाक मारत नसे. सगळे 'सतरा' म्हणत, कारण त्याच्या कुलपावर सतरा हा आकडा कोरलेला होता. एकतीस वर्षांचा सांधेवाला. म्हणजे इंजिन मालगाडीचे डबे, यार्डाच्या भाषेत वाघिणी, ढकलत आणणार आणि कुठली वाघीण कुठल्या लाइनीत जायची ते हा दांडा ओढून ठरवणार. दांडा ओढला की रूळ खाडकन बाजूला सरकत. तो आवाज कानावर पडला नाही तर आमच्या ह्यांना जेवण जात नाही, असं त्याची बायको सांगायची. बायको त्याच्याबद्दल काहीही सांगायची, आणि त्याला ते आवडायचं.

दोन गाड्यांच्या मधे सांधेवाल्यालाच लाइनवर उतरून बारीकसारीक कामं करावी लागत. रुळांच्या जोडांचे बोल्ट आवळायचे, ग्रीस लावायचं, सांडलेली खडी आत सारायची. आता माणूस रुळात वाकलेला असताना मागून वाघिणी आल्या तर काय होतं, हे सांगायला ज्योतिषी नको. म्हणून एक नियम होता. लाइनवर उतरण्याआधी दांड्याला आपलं स्वतःचं कुलूप घालायचं. एक माणूस, एक कुलूप, एक किल्ली, आणि दुसरी किल्ली बनवायचीच नाही. दांड्याला कुलूप दिसलं म्हणजे त्या लाइनवर माणूस आहे. तो बाहेर येऊन आपल्या हाताने कुलूप काढेपर्यंत दांड्याला हात लावायचा नाही. यार्डमास्तर ओरडो, इंजिनवाला भोंगा वाजवून कानाचे पडदे फाडो, नाही म्हणजे नाही.

तर त्या सोमवारी भर अकरा वाजता सहा नंबरच्या दांड्याला सतराचं कुलूप लागलेलं होतं, आणि ते सतराने लावलेलं नव्हतं.

निदान त्याला आठवत तरी नव्हतं, आणि इथेच सगळी गोम होती. गेल्या चार-सहा महिन्यांत बऱ्याच गोष्टी त्याच्या डोक्यातून न सांगता निघून जायला लागल्या होत्या. आधी चष्मा, मग शेजाऱ्याच्या मुलीचं लग्न झालंय की नाही ते, आणि आता आठ दिवस झाले, सख्ख्या बहिणीच्या मुलाचं नाव आठवत नव्हतं. ज्याला खांद्यावर बसवून फिरवला त्याचं! बायकोला विचारायची लाज वाटत होती. थोरल्या भावाचं असंच सुरू झालं होतं. नावांपासून सुरुवात झाली, आणि शेवटची चार वर्षं तो खिडकीशी बसून होता, पण तिथे नव्हता. सतराला मरणाची भीती नव्हती. त्याला भीती होती ती खिडकीशी बसायची.

त्याने कमरेचा पट्टा चाचपला. कुलूप अडकवायचा आकडा रिकामा होता. किल्ली खिशातच होती. म्हणजे लावलं असणार आपणच, दुसरं कोण लावणार? तो शिस्तीप्रमाणे लाइन तपासायला निघाला.

सहा नंबर ही यार्डातली सगळ्यात कडेची लाइन. एका बाजूला गोदामाची लांबच लांब भिंत, दुसऱ्या बाजूला वाळकं गवत, आणि शेवटी रूळ अडवणारा लाकडी ठोकळा. तिथपर्यंत सव्वीस जोड. ऊन असं डोक्यावर आलेलं की माणसाची सावली त्याच्या बुटात शिरलेली. लाइनवर कुणीही नव्हतं. पण पहिल्यापासून आठव्या जोडापर्यंत बोल्ट नुकतेच आवळलेले होते. ताजं ग्रीस चमकत होतं, आणि प्रत्येक बोल्टवर जास्तीचं ग्रीस अंगठ्याने उजवीकडे पुसून काढलेलं होतं. तशी पुसायची सवय अख्ख्या यार्डात एकट्या सतराला होती. त्याने आपला अंगठा बघितला. स्वच्छ होता.

सोमवारचं कुलूप त्याने काढून पट्ट्याला अडकवलं होतं, तरी मंगळवारी पुन्हा तेच. कुलूप दांड्याला, किल्ली खिशात, आणि आता सोळाव्या जोडापर्यंत काम झालेलं. कुलूप काढताना किल्ली दोनदा हातातून निसटून खडीत पडली. मुकादमाने लांबून बघितलं. मुकादम म्हणजे रूळदुरुस्तीच्या टोळीचा म्होरक्या, सतराच्याच वयाचा, जिभेला हाड नसलेला. "काय रे सतऱ्या, सकाळी सकाळी घेऊन आलास का?" तो ओरडला आणि स्वतःच्याच विनोदावर खो खो हसला.

त्या संध्याकाळी सतराने बायकोला सगळं सांगून टाकलं. कुलूप, अंगठ्याच्या खुणा, भाच्याचं नाव, सगळं. ती दाणे निवडत होती. तिचे हात थांबले.

"आधी का नाही सांगितलंत?"

"काय सांगू? डोकं कामातून चाललंय म्हणून सांगू?"

"हो, तेच सांगायचं. माझ्याशिवाय कुणाला सांगणार होतात, यार्डमास्तरला?"

"अगं, उद्या मी तुलाच विसरलो तर?"

तिने ताट बाजूला सरकवलं. "विसरा की. मी थोडीच विसरणार आहे? दोघांचं मिळून एक डोकं चालतंय ना, मग झालं तर." हे बोलताना तिचा आवाज हलला, पण हललेला आवाज तिने खोकून सारखा केला. मग तिने त्याच्या पट्ट्याचं कुलूप काढून घेतलं, खिशातली किल्ली घेतली, आणि दोन्ही कपाटात ठेवून कपाटाची चावी स्वतःच्या गळ्यातल्या दोऱ्यात ओवली. "उद्या कुलपाशिवाय जा. लाइनवर उतरू नका. बघू या कोण लावतंय ते."

बाई हुशार होती. यार्डातल्या चार साहेबांना मिळून एवढं सुचलं नसतं.

बुधवारी सतरा दहा वाजेपर्यंत सहा नंबरकडे फिरकलाच नाही. मग न राहवून गेला. दांड्याला कुलूप होतं. सतरा नंबर. कोपऱ्यात तोच जुना टवका उडालेला.

त्याने घरी फोन लावला. "कपाट उघडून बघ."

चावी फिरल्याचा आवाज आला. "आहे हो. माझ्या हातात आहे. सतरा नंबर, कोपऱ्यात टवका. का? काय झालं?"

लाइनवरून आवाज येत होता. टण्. मग थोडं थांबून, टण्. बोल्टवर पाना बसला की होतो तसा.

"इथेही आहे," तो एवढंच म्हणाला आणि फोन खिशात टाकून चालायला लागला.

गोदामाच्या भिंतीवरून ऊन उसळून अंगावर येत होतं. लांब एक माणूस रुळात उकिडवा बसला होता, पाठ इकडे. सतरा जोड मोजत चालला. एकोणीस. तिथलं ग्रीस ओलं होतं. माणूस चार जोड पुढे. "ओ दादा!" सतराने हाक मारली. त्या माणसाने मागे न बघता डावा हात खांद्यावरून वर केला आणि दोन बोटं हलवली. थांब, आलोच. सतरा स्वतः अशीच दोन बोटं हलवायचा. बायको जेवायला हाक मारायची तेव्हा.

पळून जावंसं वाटलं, पण पाय पुढेच चालले, कारण आता तो माणूस पुटपुटताना ऐकू यायला लागला होता. पान्याच्या प्रत्येक वेढ्याला एक गोष्ट. आईच्या हाताला येणारा साबणाचा वास. पहिल्या पगाराला घेतलेले काळे बूट. बायको पहिल्यांदा हसली तेव्हा तिने तोंडावर धरलेली वही. आणि मग भाच्याचं नाव. आठ दिवस सतरा ज्याच्यासाठी जीव टाकत होता ते नाव तो माणूस सहज, घरातल्या माणसाला हाक मारावी तसं बोलला, आणि बोल्ट आवळला.

सतराच्या डोळ्यांत पाणी आलं. भीती कुठल्या कुठे गेली. अरे, सगळं आहे की इथे! काही हरवलेलं नाही. हा गडी एकेक जोड पक्का करत निघालाय. तेवीस झाले. तीन राहिले, की हा उठेल, वळेल आणि बाहेर येईल.

तेवढ्यात वॉकीटॉकीवर यार्डमास्तरचा आवाज खरखरला. "सतरा काका, कुठे आहात? मेन लाइनवर मालगाडी अडकलीय, मागे पॅसेंजर खोळंबलीय. बावीस वाघिणी सहा नंबरला घ्यायच्यात. ताबडतोब!"

एकतीस वर्षं बोलावणं आलं की हा माणूस मागे वळला होता. आजही वळला. दोन मिनिटं तिथेच थांबला असता तर काय बिघडलं असतं? पण सवय अशी असते, मेली.

दांड्यापाशी यार्डमास्तर घामाघूम होऊन उभा होता. पोरसवदा, भला मुलगा, पण वरून साहेबाचे फोनवर फोन येत होते. सोबत मुकादम.

"कुलूप काढा काका."

"नाही काढता येणार. लाइनवर माणूस आहे."

"कोण?"

"माझ्याच कुलपाचा आहे. पंधरा मिनिटं द्या साहेब, तीनच जोड राहिलेत. तो आपणहून बाहेर येईल."

दोघांनी एकमेकांकडे बघितलं. यार्डमास्तर मात्र खरंच भला, तो तसाच उन्हातून धावत ठोकळ्यापर्यंत जाऊन आला. "काका, उंदीरसुद्धा नाही तिथे. किल्ली द्या."

"किल्ली घरी आहे."

अशा वेळेसाठीही नियम होताच. किल्ली हरवली तर कुलूप कापायचं, पण कुलपाचा मालक समोर उभा पाहिजे आणि त्याने वहीत सही केली पाहिजे. वाक्य छापलेलंच होतं: 'मी स्वतः लाइनवरून बाहेर आलो आहे.'

वही समोर आली. सतराने पेन धरलं, पण टेकवलं नाही. लाइनवरून अजून आवाज येत होता. टण्. "ऐकू येतंय का तुम्हाला?" त्याने विचारलं.

मुकादम पहिल्यांदाच हसला नाही. त्याने सतराच्या खांद्यावर हात ठेवला आणि खालच्या आवाजात म्हणाला, "सतऱ्या, असं बोलू नकोस. हे कुणी वर कळवलं ना, तर उद्या तुला दवाखान्यात बसवतील, आणि परवा घरी. तू इथे उभा आहेस. मला दिसतोयस. सही कर आणि मोकळा हो."

त्या शब्दांनी घात केला. सगळ्यांदेखत वेडा ठरायची लाज, दुसरं काही नाही. आणि खोटं तरी काय होतं? दोन पायांवर तो समोर उभाच होता. सतराने सही केली.

मुकादमाने लांब दांड्याच्या कात्रीने कुलूप कापलं. दांडा मात्र सांधेवाल्यानेच ओढायचा असतो. सतराने ओढला. खाडकन रूळ सरकले. बावीस वाघिणी सावकाश, पायी चालणाऱ्या माणसाच्या वेगाने, आत शिरल्या. तो कान देऊन उभा राहिला. टण्. वाघिणींची खडखड. टण्. मग नुसतीच खडखड. किंकाळी नाही, धक्का नाही. शेवटची वाघीण आत गेली आणि पॅसेंजर भोंगा वाजवत निघून गेली. खिडक्यांतली माणसं वारा घेत बसली होती.

"झालं की नाही?" यार्डमास्तर म्हणाला. "उगाच घाबरवलंत राव."

"हो ना," सतरा म्हणाला. खरोखरच त्याला फार हलकं वाटत होतं. कशाची एवढी काळजी करत होतो, तेच आठवेना.

दोन वाजता पाळी सुटली. पायांना रस्ता माहीत होता, त्यांनी त्याला नेलं. पूल, दवाखाना, उताराची गल्ली, निळं दार. दार वाजवायच्या आतच एका बाईने उघडलं. पन्नाशीची असेल. चेहरा प्रेमळ, पण फार घाबरलेली दिसत होती, कुणाची तरी वाट बघत असल्यासारखी.

"काय झालं? फोन का उचलत नव्हतात? कुलूप काढलं का कुणी?"

"कापलं," तो म्हणाला. "मी सही केली. बाई, जरा पाणी मिळेल का? उन्हातून आलोय."

तिने त्याच्या चेहऱ्याकडे बघितलं, इतका वेळ की त्याला संकोच वाटायला लागला. मग तिने त्याचा हात धरून त्याला आत आणलं, खुर्चीवर बसवलं, पाण्याचा तांब्या हातात दिला. त्याचे बूट तिने स्वतः खाली वाकून काढले. परक्या माणसाचे बूट कुणी काढतं का! त्याला फार ओशाळवाणं झालं.

"इथेच बसा हं," ती म्हणाली. तिने डोळे पुसले आणि चपला पायांत सरकवल्या.

"तुम्ही कुठे निघालात एवढ्या उन्हाची?"

"माझा माणूस सहा नंबरवर राहिलाय," ती म्हणाली. "त्याला घेऊन येते."

"जपून जा," तो आपुलकीने म्हणाला. "त्या लाइनवर आता वाघिणी उभ्या आहेत."