मुठीकडचा शेंडा

कातारीकाकांच्या हातात जादू आहे असं गिऱ्हाइकं म्हणायची, आणि ते साफ खोटं होतं. लेथवर लाकूड कातून खुर्च्यांचे पाय आणि लाटणी करणारा हा माणूस वर्षाकाठी पाच-सहा जादूच्या कांड्या करायचा. त्या घेऊन लोक कुणाची दुखणी उतरवायचे, कुणाच्या हरवलेल्या वस्तू शोधायचे. खुद्द काकांनी तरुणपणी एक कोरी कांडी विझलेल्या दिव्यावर फिरवून पाहिली होती, पेटतो का म्हणून. दिवा ढिम्म. "माझ्या हातात कांडी म्हणजे पाठ खाजवायची काठी," असं ते सांगायचे आणि सगळ्यांच्या आधी स्वतःच हसायचे.

कामात मात्र एकदम कडक. झाड ज्याचं त्यानं निवडायचं. माप कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत. कापलेल्या फांदीच्या दोन्ही टोकांना मेण लावून ती सावलीत वाळवायची, नाहीतर तडे जातात. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे बुंध्याकडचा भाग मुठीत, शेंड्याकडचा टोकाला. उलट झालं, तर उतरवलेलं दुखणं हवेत विरत नाही, कांडी धरणाऱ्याच्या अंगात शिरतं. लाकूड कातून गुळगुळीत झालं की दोन्ही टोकं सारखीच दिसतात. म्हणून काका बुंधा मोटारीच्या बाजूला ठेवून लाकूड लेथवर चढवायचे आणि काम पुरं झाल्याशिवाय ते उतरवायचे नाहीत. चढवण्याआधी कापलेले टोकांचे तुकडे डब्यात जायचे, नावाची चिठ्ठी बांधून. बुंध्याकडच्या तुकड्यावर चाकूची खाच.

त्यांची लेक ठकी दुखणी उतरवायला शिकली तेव्हा तिनंही झाड शोधलं. चार दिवस साऱ्या बागा पालथ्या घातल्या आणि निवडलं काय, तर मागच्या अंगणातलं डाळिंब.

"एवढं गाव हिंडून शेवटी माझं कपडे वाळत घालायचं झाड!" तिची आई म्हणाली होती. त्या दिवशी तिघंही पोट धरून हसली होती.

ती कांडी काकांनी जीव ओतून केली. जवसाच्या तेलाचे सात हात दिले. ठकीनं पहिल्यांदा ती चालवली ती आईवरच, कारण तोवर आईच्या हाडांत शिरलेला आजार घरात सगळ्यांना ठाऊक झाला होता. आजार काही हटला नाही. पण दुखणं उतरलं. ठकी रोज दुपारी आईच्या गुडघ्यांवरून, पाठीवरून कांडी फिरवायची आणि आई शांत झोपायची. पाच महिन्यांनी गेली तीही झोपेतच. दुःखातसुद्धा काकांना एका गोष्टीचा अभिमान होता, आणि तो त्यांनी येईल त्या गिऱ्हाइकाला ऐकवला. "माझ्या कांडीनं तिला एक कळ सोसू दिली नाही."

त्याला आता तीन वर्षं झाली. ठकी सव्वीस वर्षांची, आणि भिंत धरून चालायची. बोटं सुजलेली. तपासण्या सगळ्या चांगल्या यायच्या, डॉक्टर खांदे उडवायचे. काकांच्या मनानं घेतलं की पोरीला कांडी जड होते, म्हणून ती हल्ली कुणावर चालवत नाही. त्याच डाळिंबाची दुसरी, हलकी करून देऊ.

"जुनी दे जरा, जाडी बघतो," ते म्हणाले.

"राहू द्या ना बाबा. हीच बरी आहे."

"तू दे गं! कातारी कोण, तू की मी?"

तिनं दिली, पण लगेच नाही.

वर्कशॉपमध्ये काकांनी डबा उघडला. ठकीच्या नावाची चिठ्ठी सापडली, तिला बांधलेले दोन तुकडे सापडले. खाचेच्या तुकड्यावर एका गाठीचा अर्धा भाग होता. उरलेला अर्धा कांडीच्या मुठीवर असणार, म्हणून त्यांनी तुकडा मुठीला लावला. मुठीवर गाठच नव्हती. त्यांनी चष्मा पुसला. मग तुकडा हळूच दुसऱ्या टोकाला लावला, आणि गाठीचे दोन अर्धे एकमेकांना असे मिळाले की मध्ये केसही गेला नसता.

ते स्टुलावर बसले. सगळं आठवलं. कांडी अर्धी कातून झाली होती तेव्हा दवाखान्यातून फोन आला होता, बायकोचे रिपोर्ट घ्यायला लगेच या म्हणून. लाकूड लेथवर अडकवून ठेवलं तर वाकतं, म्हणून त्यांनी ते उतरवलं होतं. आयुष्यात पहिल्यांदा. चार दिवसांनी परत चढवलं तेव्हा त्यांचं लक्ष लाकडात नव्हतं, आणि तरी त्यांनी डबा उघडून पाहिलं नव्हतं. चाळीस वर्षांच्या हाताला काय विचारायचं, असं वाटलं होतं. त्या हाताचा त्यांना आता संताप आला.

ठकी खिडकीपाशी खुर्चीत बसली होती. काकांनी कांडी आणि तुकडा तिच्या मांडीवर ठेवला.

"कळलं तुम्हाला," ती म्हणाली.

"तुला ठाऊक होतं?"

"पहिल्याच दिवशी. आईच्या गुडघ्यावरून फिरवली, आणि माझा गुडघा ठणकला."

"अगं मग बोलली का नाहीस? दुसरी केली असती मी!"

"फांदी वाळायला सहा महिने लागतात, बाबा. तुम्हीच सांगता ना सगळ्यांना. आणि आईला झोप लागत होती."

"आणि नंतर? ती गेल्यावर?"

"नंतर दुसऱ्या कुणावर चालवलीच नाही. पण जे आलं होतं ते गेलं नाही. तुम्ही सगळ्यांना इतक्या कौतुकानं सांगत होतात... कसं बोलू?"

काका रडले. लहान मुलासारखे, आवाज काढून रडले, आणि ठकीनं त्यांना रडू दिलं.

मग त्यांनी कांडी उचलली. आपल्या हातात घट्ट धरली, त्याच उलट्या, शेंड्याकडच्या मुठीला. खाली फरशीवर बसले आणि कांडीचं टोक लेकीच्या सुजलेल्या गुडघ्याला टेकवलं.

"ये," ते दुखण्याला म्हणाले. "इकडे ये. माझ्याकडे ये ना रे."

त्यांनी डोळे मिटले आणि आपल्या गुडघ्यात कळ यायची वाट पाहिली. दुसऱ्या गुडघ्यावर फिरवली, बोटांवर फिरवली. त्यांच्या अंगात काहीही आलं नाही. हातात एक गुळगुळीत, सुंदर कातलेली काठी होती.

"बाबा," ठकी म्हणाली, "खरंच, जरा हलकं वाटतंय."

ती हसतही होती. काकांनी तिच्याकडे पाहिलं, मान डोलावली, आणि कांडी फिरवत राहिले.