समिधाच्या जबड्यातली गादी

मित्रांनो, मी एक पंधरा वर्षांची जुनी गादी आहे. माझ्यात कापूस नाही. भिसेगावच्या समिधाच्या उजव्या कानापुढे, जबड्याचे हाड डोक्याच्या हाडाला मिळते तिथे, मी राहते. ती दोन हाडे एकमेकांवर घासू नयेत, एवढेच माझे काम. मला दुखत नाही, रडताही येत नाही. कान शेजारी असल्यामुळे ऐकू मात्र सगळे येते.

समिधा खेकड्याच्या नांग्या दातांनी फोडायची आणि अभ्यासाला बसली की हनुवटी मुठीवर टेकून तासन्‌तास बसायची. कधीतरी मी जागेवरून पुढे सरकले. मग तिने तोंड उघडले की मी ‘कट’ करून वाजू लागले. वर्गात माझे भारी कौतुक झाले. मधल्या सुट्टीत मुली तिच्या गालाला कान लावायच्या. घरी कोणी विचारले नाही. दोन वर्षे मी वाजले आणि एके दिवशी गप्प झाले, कारण तोंड दोन बोटांपलीकडे उघडेनाच. माझ्यावाचून खालचे हाड झिजले होते आणि हनुवटी उजवीकडे कलली होती.

पनवेलच्या डॉक्टरीणबाईंनी कानापुढे बारीक छिद्र पाडले, दुर्बिणीतून बघत मला मागे ओढले आणि टाक्याने जागेवर बांधले. मला काही वाटले नाही.

“वाढीचं वय आहे,” त्या समिधाच्या आईला, सुप्रियाला म्हणाल्या. “गादी जागेवर राहिली तर झिजलेलं हाड पुन्हा भरून येऊ शकतं. पण आइस्क्रीमच्या काड्या एकावर एक दातांत धरून रोज तोंड उघडायचं. नाहीतर सांधा आखडेल.”

सुप्रियाने नेमके उलटे केले. काडी घातली की समिधाच्या डोळ्यांत पाणी यायचे. तोंड उघडले तर गादी परत निसटेल, ही भीती आईच्या डोक्यात बसली. तिने काड्या फळीवर टाकल्या आणि लेकीच्या हनुवटीखालून डोक्यावर ओढणी घट्ट बांधली. “बोलू नको गं. पेज पी नि पडून राहा.” तीन आठवडे ती भिंतीकडे बघत पडून राहिली. ती आणि मी सारख्याच झालो होतो: बांधलेल्या आणि गप्प.

मग शेजारची येसूबाई आली. गावात कोणी गेले की शेवटची अंघोळ घालायला हिलाच बोलावतात. ती दारातच थबकली.

“सुप्रिये, ह्ये काय बांदलंस पोरीला?”

“गादी निसटंल ना, काकू.”

“मेल्या मानसाचा जबडा असा बांदतात गं. तुजी पोर जिती हाय ना?”

सुप्रियाने लगेच ओढणी सोडली. सांधा आखडला होता, दातांत सहाच काड्या मावल्या. त्या दिवसापासून ती स्वतः काड्या घेऊन लेकीसमोर बसू लागली. समिधा कळवळायची, तरी खाडा झाला नाही.

वर्षाने एमआरआय काढला. माझ्याखाली नव्या हाडाची कड आली आहे. हनुवटी थोडी सरळ झाली, पूर्ण नाही. वाया गेलेले दिवस कोणी भरून देत नाही. पण त्या दिवशी समिधा तोंडभर हसली.

मित्रांनो, जबडा वाजू लागला तर मैत्रिणींच्या आधी आईला सांगा. आणि तुमच्या आईला माझा निरोप द्या: दुखतंय म्हणून पोर रडली तर रडू द्या, पण तिचं तोंड बांधू नका.