न गोठवायचं आमिष

नोलीनने तो जड गोळा उजव्या हाताने उचलला, तेव्हा बोल्स क्लबच्या, म्हणजे गोळे घरंगळवण्याच्या खेळाच्या, हिरवळीवर अख्खं पेलिकन क्रीक गाव श्वास रोखून उभं होतं. याच बाईला एके काळी चहाचा कप धरवत नव्हता. गोळा घरंगळत जाऊन पार टोकाच्या पांढऱ्या गोटीला टेकला आणि टाळ्यांचा कडकडाट झाला.

"बघितलंत?" तिचा मुलगा ट्रेंट माइकवर ओरडला. "डॉक्टर नाही, औषध नाही! खाडीचा चिखल, तिवरांच्या मुळांची ऊर्जा आणि मनाची तयारी!"

हा ट्रेंट ब्रिस्बेनमध्ये आधी गाड्या विकायचा, मग सौरऊर्जेची पॅनलं. दोन्हीकडून हाकलला गेल्यावर त्याला एकदम मुळांची ऊर्जा जाणवू लागली. चिखल आमच्या गावात फुकट आहे. तो घरात येऊ नये म्हणून आम्ही बूट दाराबाहेर काढतो. ट्रेंटच्या बरणीत शिरला की मात्र तोच चिखल दैवी व्हायचा.

मग नोलीनने पर्समधून आपली इंजेक्शनची पेनं काढली आणि सगळ्यांदेखत बादलीत टाकली. माझी बायको ग्लेनिस रडायलाच लागली. नोलीन तिची सख्खी मोठी बहीण. संधिवात दोघींनाही, अंगाचं रक्षण करणारी फौजच सांध्यांवर उलटते, त्यातला. ती फौज नेमक्या जागी आवरणारं इंजेक्शन दोघी घेत होत्या, आणि त्याच्या जोरावर ग्लेनिस निम्म्या गावाचे केस कापत होती.

"मी पण थांबवते," घरी आल्यावर ती म्हणाली.

"डॉक्टरणीला विचार तरी."

"मर्व्ह, बहीण आहे ती माझी. मला खोटं सांगेल?"

ट्रेंटवर माझा काडीचा विश्वास नव्हता, पण नोलीनवर होता.

दोनेक महिन्यांत ग्लेनिसची बोटं सुजली. कात्री हातातून निसटायला लागली.

"दुखतंय ना, ग्लेन मावशी? मस्त!" ट्रेंट म्हणाला. "विष बाहेर पडतंय."

"आणि नाही दुखलं तर?" मी विचारलं.

"मग गुण आला!"

म्हणजे काहीही झालं तरी चिखलच जिंकणार. आमच्याकडे सांध्यांची डॉक्टरीण विमानाने येते, तीही कधीमधी. ते महागडं औषध सरकारी सवलतीत चालू राहायचं, तर गुण आहे असं तिने तपासून वेळेत कळवावं लागतं. ती आली त्या दिवशी ग्लेनिस ट्रेंटच्या टबात हातांना चिखल थापून बसली होती. सवलत बंद पडली.

फेब्रुवारीत चक्रीवादळ आलं आणि वीज गेली. असं झालं की गावाचं दूध, मासे, मटण सगळं माझ्या पबच्या थंड खोलीत येतं, कारण मोठा जनरेटर माझ्याकडेच आहे. नोलीनही ट्रेंटसोबत आइस्क्रीमचा जुना डबा घेऊन आली. वर चिकटपट्टीवर लिहिलं होतं, 'आमिष'.

"गळाचं आमिष आहे, मर्व्ह. फ्रीझरमध्ये नको हं टाकूस. नुसतं गार राहू दे. गोठलं तर वाया जाईल."

मी हो म्हणून डबा उचलला. ग्लेनिस काउंटरपाशी बसली होती.

"नोलीन," ती म्हणाली, "आमिष गोठलं तर काय बिघडतं?"

पबमधल्या सगळ्यांच्या माना डब्याकडे वळल्या. आमच्याकडे आमिष फ्रीझरमध्येच ठेवतात, हे शाळेतल्या पोरांनाही ठाऊक आहे.

"मर्व्ह, झाकण काढ. माझ्या बोटांनी निघणार नाही."

आत रुमालात गुंडाळलेली कोरी इंजेक्शनची पेनं होती, गार ठेवायची पण कधी गोठवायची नाहीत अशी. त्यांवर नोलीनचं नाव आणि त्याच महिन्याची तारीख.

"जुनी असतील ती," ट्रेंट पुटपुटला.

"तारीख वाचता येते रे आम्हाला," मी म्हणालो.

"मग बादलीत टाकलीस ती कुठली?" मागून कोणीतरी विचारलं.

"वापरून झालेली," नोलीन म्हणाली.

झाला चमत्कार! काम केलं इंजेक्शनने आणि टाळ्या घेतल्या चिखलाने.

"मुलगा आहे गं माझा," नोलीन रडत म्हणाली. "पुन्हा तोंडावर आपटला असता. मला वाटलं, चिखलाने तुझं काय बिघडणार आहे?"

"चिखलाने नाहीच बिघडलं. औषध थांबवून बिघडलं. रात्र रात्र कळा यायच्या तेव्हा मी तुलाच फोन करत होते. तू म्हणायचीस, धीर धर."

नोलीनने एक पेन पुढे केलं. "घे. आत्ता घे."

"दुसऱ्याच्या नावाचं औषध मी टोचून घेणार नाही. पुन्हा सुरू करायचं तर आधी तपासण्या लागतात." मग ग्लेनिसची नजर बहिणीच्या पायाकडे गेली. "ती जखम चिघळलीय तुझी. या औषधाने अंगाची जंतूंशी लढायची ताकद कमी होते आणि तू चिखलात बसतेस. पुढचं टोचायच्या आधी डॉक्टरणीला फोन कर."

मी असतो तर एवढं सांगितलं नसतं. मला त्या दोघांना पावसात हाकलून द्यावंसं वाटत होतं, आणि अजूनही वाटतं.

ट्रेंट वीज यायच्या आधीच गावातून पसार झाला. बरण्या मागेच राहिल्या.

तुम्हाला कोणी बरं होऊन दाखवलं, तर खुशाल टाळ्या वाजवा. पण त्या माणसाला एवढं विचारा, याशिवाय तू आणखी काय घेतोस? औषधाची भीती वाटली, कंटाळा आला, तर ते देणाऱ्या डॉक्टरशी बोला, वाटल्यास भांडा. परस्पर बंद करू नका. आणि सांगणारं माणूस सख्खं असलं, तरीही विचारा.

ग्लेनिसचं इंजेक्शन बऱ्याच खटपटीनंतर पुन्हा मंजूर झालं. सूज उतरली. उजव्या हाताची दोन बोटं मात्र आता कधीच सरळ होणार नाहीत, असं डॉक्टरीण म्हणाली. नोलीनची सगळी सरळ होतात.