चंद्रपूरची लाइन

"सांगतलं तं कोणी मानत नाई," मुखरूभाऊंनी बशीतला चहा संपवला, "पण दोन तारांवर मी सारी अहेरी बोलती केली."

"अन् वाघ?" टपरीवाल्या वारलूनं आठवण दिली.

"वाघयी बोलला. जंगलात खांबाले पाठ घासून राह्यला होता. त्याची डरकाळी चंद्रपूरच्या सायबानं फोनवर ऐकली अन् म्हणला, हो सर."

बाकडं हसलं. टेलिफोन ऑफिसातली खुर्ची सोडून भाऊंना वर्ष झालं होतं. पण बाजाराच्या दिवशी ते त्याच ऑफिससमोर येऊन बसत.

वाघाचं सोडा, दोन तारांचं मात्र खरं होतं; अहेरीहून चंद्रपूरला दोनच लाइनी होत्या. भाऊंच्या आधीचा ऑपरेटर दर माणसासाठी चंद्रपूरला नव्यानं घंटी मारायचा. तिकडून कोणी उचलेपर्यंत दुपार कलायची आणि बोलणं दोन मिनिटांचं. भाऊंनी सकाळी एकदा चंद्रपूर लागलं की ते दिवसभर तोडलंच नाही. एकाचं आटोपलं की तीच जिवंत लाइन पुढच्याच्या हाती. रिसीव्हर कानाला लावून कोणी नुसता उसासे टाकू लागला की ते बोर्डातली त्याची खुंटी उपसून लाइन तोडत. "गप बसाचं असंन तं घरी बस. मांगं लोक हायेत." ठाणेदार असो की बांबू तोडणारा, नंबर आला की बोलायचं, नाहीतर थांबायचं.

"सोतासाठी कधी घेतली नाई लाइन," भाऊ म्हणाले. "एकदाच घेतली."

वारलूनं स्टोव्हची हवा सोडली.

"माही घरवाली कमळा चंद्रपूरले दवाखान्यात होती. मार्कंड्याच्या जत्रेचा दिवस. एक तार तुटून पडली होती, उरली एकच. तिकडच्या ऑपरेटरनं सांगतलं, तुमच्या बाईले बोलाचं हाये. मंग म्या कोणाचंच ऐकलं नाई. सारी संध्याकाळ थे लाइन आमची."

"काय बोलल्या बाई?"

"म्हणे, जेवले का. म्या म्हणलं, लाखोळीची डाळ केली. म्हणे, फोडणी जाळली असंन. अन् हसली." रिकामा कप भाऊंनी केव्हाच उचलून कानाशी धरला होता. "मंग झोपली, फोन हातातच. नुसता श्वास ऐकू येऊन राह्यला होता. जनमभर गप लाइनी तोडल्या म्या, थे नाई तोडली. पहाटे श्वास थांबला, तवा खुंटी काढली."

बाकड्याच्या टोकाला धानाचे व्यापारी गुणवंतराव बसले होते. भाऊंच्या गोष्टीला सगळ्यात आधी हसणारा माणूस. ते कपाळाला आठ्या घालून काहीतरी जुळवत होते. मग त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली.

"मुखरूभाऊ," ते हळूच म्हणाले, "तार तुटली त्या जत्रेच्या संध्याकाळी उरल्या लाइनवर मी होतो. पोरीच्या लग्नाच्या बुंदीचं सोयऱ्याशी बोलून राह्यलो होतो, दिवे लागले तरी. मी दोनदा इचारलं तुमाले, मांगं कोणी हाये का. तुमी म्हणलं, कोणी नाई, बोला."