आगीपुरता विमा

दिनकररावांनी छत्रीचं टोक कोसळलेल्या माळवदाच्या, मातीच्या धाब्याच्या, जळक्या तुळईत खुपसलं. वरची कोळशाची साल निघाली आणि आतून पोखरलेल्या लाकडाचा भुसा भुरभुर गळला. विमा कंपनीचे हे तपासनीस सकाळच्या गाडीनं परभणीहून गंगाखेडला आले होते. उरलेल्या भिंतीपाशी भागम्मा उभी होती. तिचा नवरा रामलिंग साहेबांच्या पुढं-मागं करत होता.

“ही वाळवी आहे, रामलिंगअप्पा.”

“असंल थोडी. पण माळवद पडलं ते आगीनं. निजामाच्या वक्ताला कोण काढत हुतं घराचा विमा? तुमच्या एजंटाच्या भरवशावर काढला मी.”

“विमा आगीपुरता आहे. आगीनं पडलं असेल तर कंपनी भरून देईल. वाळवीनं खाल्लं, पाण्यानं खचलं, डागडुजी केली नाही म्हणून कोसळलं, तर काही मिळणार नाही.”

तुळई बदला म्हणून भागम्मा उन्हाळ्यापासून नवऱ्याच्या मागं लागली होती. दर वेळी एकच उत्तर : “विमा हाय. तुला काय कळायलंय त्यातलं?” शेवटी माळवद कोसळलं ते सासूच्या अंथरुणावर. भागम्मानं म्हाताऱ्या चन्नबसम्माला मातीतून उकरून काढलं, पाठीवर घेऊन शेजारच्या बायनाबाईकडं नेलं. म्हातारीचा पाय मोडला होता. भागम्मा परत आली तर रामलिंग आपल्या दुकानातला रॉकेलचा डबा ढिगाऱ्यावर रिता करत होता. आई कशी आहे, हे त्यानं विचारलं नाही. काडी ओढता ओढता एवढंच म्हणाला, “आग आधी लागली म्हणायचं. न्हाईतर माहेरी धाडतो, कायमची.”

“आग लागली तेव्हा घरात कोण होतं?” दिनकररावांनी विचारलं.

“ही हुती. इचारा की.” रामलिंगनं तिच्याकडं पाहिलं. त्या नजरेत विनंती नव्हती.

“बाई, आग तुम्ही पाहिली?”

“पायली.”

रामलिंगचे खांदे सैल पडले.

“लागली कशी?”

“ह्यांनी लावली. माळवद पडल्यावर.”

दिनकररावांनी छत्रीचं टोक मातीवर पुसलं. आणि ते निघाले.

ते कोपऱ्यावर वळले. रामलिंग दात खात म्हणाला, “पाय ठिवू नको ह्या जागंत.”

भागम्मा त्याच्या अंगावरूनच निघून गेली.

बायनाबाईच्या ओसरीवर चन्नबसम्मा खाटेवर पडली होती. पायाला कामट्या बांधल्या होत्या.

“काय इचारलं सायबानं?”

“आग कुनी लावली म्हून.”

“माझ्या लेकाचं नाव सांगितलंस?”

“सांगितलं.”

म्हातारीनं दोन्ही हातांनी खाटेची कड धरली, कण्हत कण्हत मोडका पाय ओढून भिंतीकडं सरकली, आणि मोकळ्या झालेल्या जागेवरची वाकळ हातानं सारखी केली.